इंग्रजी वाक्यं बनवू नका, उचला!

“माय बस मिस्ड, सर.” लातूर असो की परभणी, सकाळच्या पहिल्या तासाला हे वाक्य हमखास ऐकू येतं. आता यात चूक काय ते व्याकरणाच्या पुस्तकातून दाखवून बघा. कर्ता आहे, क्रियापद आहे, भूतकाळही बरोबर आहे. तरी इंग्रजी बोलणारा माणूस असं म्हणत नाही. मराठीत बस चुकते, म्हणजे जे काही होतं ते बसचं होतं. इंग्रजीत ते माणसाकडून होतं: “आय मिस्ड द बस.” कोणता नियम पाठ केला म्हणजे हे कळेल? कोणताच नाही. ते वाक्य आधी कुठंतरी भेटलेलं असावं लागतं.

दहावी-बारावीला इंग्रजीत बरे मार्क पडलेली मुलं मुलाखतीत गप्प बसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. डोक्यात मराठी वाक्य तयार होतं, मग एकेका शब्दाला इंग्रजी शब्द लावायचा, मग त्याला काळ लावायचा. एवढं होईपर्यंत समोरच्याचा पुढचा प्रश्न येतो. ही मेहनतच चुकीच्या जागी चालली आहे. माणसांनी खरोखर वापरलेली वाक्यं अख्खी उचलायची आणि त्यातला एखादा तुकडा बदलून आपलं काम भागवायचं. संभाजीनगर, नांदेड, परभणीच्या बाजारात वाढलेला कुठलाही मराठी पोरगा दखनी हिंदी अशीच शिकला आहे. “क्या कर रे”, “नक्को बोला ना” हे कुणी त्याला क्लास लावून शिकवलेलं नाही. इंग्रजी गल्लीत ऐकू येत नाही, म्हणून तिची वाक्यं आपल्याला मुद्दाम जाऊन आणावी लागतात. ती कशी आणायची ते इथे सांगतो.

एक सूचना आधीच देतो. या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत. तुमच्या वहीत मात्र ती रोमन लिपीतच लिहा. देवनागरीत लिहिलं की उच्चार आपोआप आपल्या वळणाचा होतो आणि स्पेलिंग कायमचं कच्चं राहतं.

आधी मराठीतली यादी

पहिला आठवडा इंग्रजीला हात लावू नका. जिथे तुम्हाला इंग्रजीची गरज पडते किंवा पडणार आहे तिथे तुम्ही मराठीत काय बोलता, ते मोबाइलमध्ये टिपत जा. पुस्तकी मराठी नको, तोंडात येतं तसंच. वाळूजच्या कंपनीत काम करणाऱ्याची यादी साधारण अशी होईल: माल अजून आला नाही. मशीन बंद पडली. उद्या जरा उशीर होईल. मला कळलं नाही, परत सांगता का? कॉलेजातल्या मुलीची वेगळी असेल: पेपर अवघड गेला, फॉर्म भरायचा राहिला. वेरूळला पर्यटकांना लेणी दाखवणाऱ्याची आणखी वेगळी.

बोलीतलं वाक्य बोलीतच ठेवायला सांगतो, त्यामागे कारण आहे. “कुठंयस?” असं फोनवर विचारल्यावर आपण “यायलोय की” म्हणतो. त्याचं प्रमाण मराठीत “मी येत आहे” केलं की इंग्रजीत लगेच “आय ॲम कमिंग” होतं. तेही बरोबर आहे, पण ते मुख्यतः कुणी हाक मारल्यावर. घरून निघालोय, रस्त्यात आहे, हे सांगायचं तर इंग्रजी माणूस “आय ॲम ऑन माय वे” म्हणतो. तुमच्या “यायलोय”मध्ये रस्त्यात असणं होतं, प्रमाण वाक्यात ते हरवलं. म्हणून यादीत शब्दांपेक्षा प्रसंग महत्त्वाचा. कोण, कुणाला, कशासाठी बोलतंय, हे प्रत्येक वाक्याशेजारी दोन शब्दांत लिहा.

वाक्यं कुठे मिळतात

रेल्वे स्टेशनवर मिळणारी ‘तीस दिवसांत फाडफाड’ छापाची पुस्तकं बाजूला ठेवा. त्यातली बरीच वाक्यं कुणी कधी बोललेलं नसतं. लेखकानं ती मराठीतूनच पाडलेली असतात.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे शिकणाऱ्यांसाठीचे शब्दकोश. इंग्रजी-मराठी नव्हे, इंग्रजी-इंग्रजी. ऑक्सफर्डचा प्रसिद्ध लर्नर्स शब्दकोश ए. एस. हॉर्नबी यांचा. ते जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. कोश आधी तिथे १९४२ मध्ये छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं काढला. म्हणजे तो पहिल्यापासूनच, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी तयार झाला. पुढे १९८७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली कोबिल्ड शब्दकोश आला. त्यात संपादकांनी उदाहरणं मनानं रचली नाहीत. पुस्तकं, वर्तमानपत्रं, संभाषणं यांचा प्रचंड साठा संगणकात भरला आणि त्यातून वाक्यं निवडली. आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

आज ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन आणि कॉलिन्स हे चारही मोबाइलवर फुकट उघडतात. लाँगमनमध्ये शब्दाच्या खाली ‘एक्झाम्पल्स फ्रॉम द कॉर्पस’ असा भाग असतो, तो सोडू नका. कॉर्पस म्हणजे खऱ्या वापरातल्या मजकुराचा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये १० कोटी शब्द आहेत आणि त्यातला सुमारे दहावा हिस्सा बोललेल्या भाषेचा आहे. अमेरिकन इंग्रजीचा कोका नावाचा साठा १०० कोटींच्या वर आहे. दोन्हींत शोध घेता येतो, नोंदणी मोफत आहे, पण सुरुवातीला तिथे गेलात तर बुडाल. सहा महिने शब्दकोश पुरेत.

ऐकायला यूग्लिश नावाची वेबसाइट. त्यात दोन-चार शब्दांचा तुकडा टाकला की यूट्यूबवरच्या ज्या व्हिडिओत कुणी तो बोललं असेल, नेमकी तीच जागा सुरू होते. अमेरिकन, ब्रिटिश असा उच्चारही निवडता येतो. ततोएबा या वेबसाइटवर लाखो वाक्यं आहेत, पण ती कुणीही घालू शकतं, त्यामुळे तिथलं वाक्य शब्दकोशात पडताळल्याशिवाय वहीत घेऊ नका. सिनेमे आणि मालिका ऐकण्यासाठी छान; तिथली वाक्यं साहेबाला मेल करताना वापरायची म्हटलं तर जपून.

नाम धरा, क्रियापद आपोआप येईल

शोधायला बसलं की बहुतेकजण क्रियापद शोधतात. घोटाळा इथेच होतो. आपलं ‘काढणे’ घ्या. शब्दकोशात त्याला ‘रिमूव्ह’ किंवा ‘टेक आउट’ सापडेल. आता आपण काय काय काढतो ते बघा. फोटो काढला: “टेक अ फोटो.” कर्ज काढलं: “टेक आउट अ लोन.” विहिरीतून पाणी काढलं: “ड्रॉ वॉटर.” गाईचं दूध काढलं: “मिल्क द काउ”, इथे तर ‘काढणे’ उरलंच नाही. वेळ काढला: “मेक टाइम.” भांडण काढलं: “पिक अ फाइट.” मराठीत एक क्रियापद सगळीकडे चालतं, इंग्रजीत प्रत्येक नाम आपापलं क्रियापद घेऊन येतं.

म्हणून शब्दकोशात ‘लोन’ उघडा, ‘फोटो’ उघडा, ‘एक्झाम’ उघडा. उदाहरणांत त्या नामाच्या आधी कोणतं क्रियापद पुन्हा पुन्हा येतंय ते बघा. ‘एक्झाम’पाशी ‘टेक’ दिसेल, ब्रिटिश वाक्यांत ‘सिट’ही दिसेल, पास होण्यासाठी ‘पास’ आणि नापासासाठी ‘फेल’. ‘गिव्ह’ शोधून काढावं लागेल, आणि सापडलं तरी देणारे बहुधा मास्तर असतील. आपण परीक्षा ‘देतो’ म्हणून “आय गेव्ह द एक्झाम” म्हणतो. भारतात सगळ्यांना ते समजतं, पण परदेशातल्या माणसाला वाटू शकतं की पेपर तुम्हीच काढला होता.

गंमत म्हणजे सगळीकडे मराठी आडवी येतेच असं नाही. “पेपर चांगला गेला” हे “द एक्झाम वेंट वेल” असं जवळजवळ जसंच्या तसं जातं. पण “पेपर अवघड गेला” म्हटल्यावर ‘वेंट हार्ड’ होत नाही, “द एक्झाम वॉज हार्ड” किंवा “आय फाउंड द एक्झाम डिफिकल्ट” होतं. एक जातं, दुसरं जात नाही, आणि का ते मला विचारू नका. म्हणून तर उदाहरण बघायचं.

एक वाक्य नको, दहा बघा

एकाच उदाहरणावर विश्वास ठेवला तर त्यातलं काय कायमचं आणि काय त्या वेळेपुरतं, हे कळत नाही. आठ-दहा वाक्यं एकाखाली एक ठेवली की सांगाडा आपोआप दिसतो. कंपनीत रोज लागणारा एक सांगाडा जवळून बघू:

“कुड यू लेट मी नो व्हेन द मटेरियल विल बी रेडी?”
“कुड यू लेट मी नो इफ देअर इज एनी चेंज?”
“कुड यू लेट मी नो व्हेदर यू कॅन कम ऑन मंडे?”
“प्लीज लेट मी नो इफ यू हॅव एनी क्वेश्चन्स.”

न बदलणारा भाग ‘लेट मी नो’. त्याच्या पुढे ‘व्हेन’, ‘इफ’, ‘व्हेदर’. आता त्याच्याही पुढे बघा. पहिल्या वाक्यात ‘द मटेरियल विल बी’ असा सरळ क्रम आहे, ‘विल द मटेरियल बी’ नाही. शाळेत आपल्याला प्रश्न म्हटला की सहायक क्रियापद पुढे घ्या असं शिकवलेलं असतं, त्यामुळे नव्वद टक्के लोक इथे “लेट मी नो व्हेन विल द मटेरियल” करतात. प्रश्न ‘कुड यू’पाशीच विचारून झाला, पुढचा भाग साधाच राहतो. हा नियम पुस्तकातही आहे, पण तिथे तो ‘अप्रत्यक्ष प्रश्न’ या नावाखाली झोपलेला असतो. चार वाक्यं एकत्र पाहिली की नाव माहीत नसलं तरी तो हाताला लागतो.

दुसरा सांगाडा आपल्या शेतातला. अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, हे “अवर सोयाबीन हॅज गॉन” म्हणून सांगितलं तर ऐकणाऱ्याला वाटेल चोरीला गेलं. बातम्यांच्या इंग्रजीत ‘क्रॉप’ शोधा: “वी लॉस्ट मोस्ट ऑफ अवर क्रॉप टू द रेन.” लूज, मग जे गेलं ते, मग ‘टू’, मग ज्यानं नेलं ते. आता तुकडे बदला: ‘टू द ड्रॉट’, ‘टू द फ्लड्स’, ‘टू पेस्ट्स’. कापूस बोंडअळीनं गेला, मोसंबीची बाग दुष्काळानं वाळली, सगळं याच साच्यात बसतं. त्या ‘टू’चा अर्थ काय, असं कुणी विचारलं तर शब्दांत सांगणं अवघड आहे. सांगायची गरजही नाही.

‘सिन्स’ आणि ‘फॉर’चा गोंधळ याच पद्धतीनं मिटतो. दहा वाक्यं पाहिली की ‘सिन्स’पुढे सुरुवातीची खूण दिसते: ‘सिन्स २०२१’, ‘सिन्स दिवाळी’, ‘सिन्स मॉर्निंग’ नाही तर ‘सिन्स धिस मॉर्निंग’. ‘फॉर’पुढे मोजमाप दिसतं: ‘फॉर टू इयर्स’. आपलं ‘पासून’ दोन्हीला चालतं, त्यामुळे “आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स” हे वाक्य महाराष्ट्राच्या निम्म्या बायोडाटांत सापडतं. हवं ते असं: “आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स.”

वही

डाव्या पानावर तुमच्या यादीतलं मराठी वाक्य आणि प्रसंग. उजव्या पानावर सापडलेलं अख्खं इंग्रजी वाक्य, पूर्णविरामासकट. शब्दार्थ लिहू नका, सुटे शब्द लिहू नका. न बदलणाऱ्या भागाखाली रेघ मारा. मग त्याच वाक्याची आपल्या कामाची तीन वाक्यं करा, पण प्रत्येक वेळी एकच तुकडा बदला. “आय मिस्ड द बस” मधली बस काढून ट्रेन, क्लास, डेडलाइन घाला. “सॉरी, आय मिस्ड युअर कॉल” तर गावागावात चालणाऱ्या मिस्ड कॉलमुळे तुम्हाला अर्धं येतच होतं. दोन तुकडे एकदम बदलले की परत मराठीतून वाक्य पाडणं सुरू होतं, ही सवय फार चिवट आहे.

दिवसाला तीन-चार वाक्यं पुष्कळ झाली. वीस लिहून एकही न बोलणारे खूप पाहिले आहेत.

ज्यांचं काम एका विषयाशी बांधलेलं आहे त्यांनी त्या विषयावर इंग्रजीत आधी काय लिहिलंय ते वाचावं. वेरूळचा वाटाड्या “धिस टेम्पल इज मेड फ्रॉम अप टू डाउन” म्हणतो तेव्हा पाहुण्याला हावभावावरून समजतं. पण अजिंठा-वेरूळवर जगभर इतकं लिहिलं गेलंय (दोन्ही १९८३ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत) की हवी ती वाक्यं तयार पडली आहेत. कैलास लेण्याबद्दल कुठेही वाचा, ‘कार्व्ह्ड’ भेटेल, ‘आउट ऑफ अ सिंगल रॉक’ भेटेल, ‘फ्रॉम द टॉप डाउन’ भेटेल. तीन तुकडे जोडा: “इट वॉज कार्व्ह्ड आउट ऑफ अ सिंगल रॉक, फ्रॉम द टॉप डाउन, इन द एट्थ सेंचुरी.” राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचं नाव पुढच्या वाक्यात येऊ द्या.

तोंडात बसवणं

वाक्य यूग्लिशवर तीन-चार माणसांच्या तोंडून ऐका आणि त्यांच्या पाठोपाठ म्हणा. शब्दांपेक्षा जोर कुठे पडतो ते ऐका. “आय मिस्ड द बस” मध्ये ‘मिस्ड’ आणि ‘बस’ ठळक येतात, ‘द’ जवळजवळ गिळला जातो. आपण मराठीत प्रत्येक अक्षर सारख्या वजनानं बोलतो, म्हणून बरोबर वाक्यही कधी कधी समोरच्याला कळत नाही. मोबाइलवर आपला आवाज रेकॉर्ड करून त्याच्याशेजारी ऐका. पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकवत नाही. सगळ्यांचंच तसं असतं.

कुणाशी बोलताय?

“काइंडली डू द नीडफुल” हे आपल्या कचेऱ्यांत अजून जिवंत आहे. तहसीलच्या अर्जात ते खुशाल लिहा, कुणी हसणार नाही. जर्मन किंवा अमेरिकन ग्राहकाला मेल करताना मात्र “कुड यू प्लीज टेक केअर ऑफ धिस?” बरं. ‘प्रीपोन’ (ठरलेली वेळ अलीकडे आणणं) भारतीय इंग्रजीत रूढ आहे, ऑक्सफर्डच्या कोशात तशी नोंदही आहे; बाहेरच्या माणसाला ‘मूव्ह द मीटिंग अप’ किंवा ‘ब्रिंग इट फॉरवर्ड’ लवकर समजतं. भारतीय इंग्रजीची लाज वाटायचं कारण नाही. फक्त शब्दकोशात वाक्याशेजारी ‘फॉर्मल’, ‘इन्फॉर्मल’, ‘ओल्ड-फॅशन्ड’, ‘इंडियन इंग्लिश’ अशी खूण असेल तर ती वहीत उतरवून घ्या. नाहीतर एक दिवस एचआर मॅडमना “व्हॉट्स अप?” जाईल.

स्वतःचं वाक्य तपासायचं असेल तर

गुगलमध्ये ते दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे तेच शब्द त्याच क्रमानं शोधले जातात. जो शब्द आठवत नाही तिथे तारा (*) टाकता येतो. पण निकालांचा आकडा पाहून निर्णय घेऊ नका. ‘डिस्कस अबाउट’ शोधलं तर ढिगानं सापडतं, आणि तरी शब्दकोशातल्या वाक्यांत ‘डिस्कस’नंतर सरळ विषय येतो: “वी डिस्कस्ड द प्राइस.” लिहिणारा कोण, हे बघा. एआयला विचारत असाल तर “हे बरोबर आहे का?” असं विचारू नका, बहुतेक वेळा होकारच मिळतो. प्रसंग सांगा, “इथे लोक काय म्हणतात, तीन पर्याय दे” म्हणा आणि मिळालेले पर्याय कोशात जाऊन बघा.

उजळणी

अँकी नावाचं ॲप अँड्रॉइडवर आणि संगणकावर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी प्रसंग, मागे इंग्रजी वाक्य. आठवलं तर ते कार्ड उशिरानं परत येतं, नाही आठवलं तर लगेच. इंटरनेट नसेल तर जुन्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या करा आणि तीन डबे ठेवा: रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा. आठवलेली चिठ्ठी पुढच्या डब्यात, विसरलेली परत रोजच्यात.

मुलाखतीसाठी

“टेल मी अबाउट युअरसेल्फ” या प्रश्नासाठी पाठ केलेला परिच्छेद नको. “मायसेल्फ अमुक अमुक” ही सुरुवात तर नकोच. “आय ॲम” म्हणा. वरच्या पद्धतीनं सुटी वाक्यं जमवा: “आय ॲम फ्रॉम अ स्मॉल व्हिलेज निअर उदगीर.” “आय डिड माय डिप्लोमा इन मेकॅनिकल इंजिनिअरिंग.” “आय हॅव बीन वर्किंग ॲज अ मशीन ऑपरेटर फॉर टू इयर्स.” सुटी असली की मुलाखत घेणाऱ्यानं मध्येच थांबवलं तरी गाडी घसरत नाही, पुढचं वाक्य कुठूनही उचलता येतं. मग पुढे येऊ शकणारे प्रश्न मित्राला विचारायला लावा: नोकरी का सोडली, रात्रपाळी चालेल का, पगार किती हवा. प्रत्येकाला एकच वाक्य तयार ठेवा. रात्रपाळीसाठी “आय डोन्ट माइंड वर्किंग नाइट शिफ्ट्स” आणि रात्रपाळी नको असेल तर “आय वुड प्रिफर द डे शिफ्ट, इफ दॅट्स पॉसिबल.” ‘माइंड’नंतर ‘वर्किंग’ का आणि ‘टू वर्क’ का नाही, ते ‘माइंड’ची दहा उदाहरणं उघडून आज रात्रीच बघा.